जुनी मोटारसायकल सारखी बंद पडते? गॅरेजला जाण्याआधी घरच्या घरी काय तपासाल

हा लेख कार्बोरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग असलेल्या) जुन्या फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी आहे. हिरो होंडाची सीडी-१०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये, पुढे पॅशन, बजाजची बॉक्सर, डिस्कव्हर. या गाड्या आजही गावोगावी दूध घालतात, शेतावर जातात, पोरांना क्लासला सोडतात. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आला. इंजेक्टरच्या गाडीला पुढची बरीचशी माहिती लागू नाही, तिला स्कॅनर लागतो.

घरच्या जुन्या स्प्लेंडरपायी मला हे सगळं शिकावं लागलं. आता नात्यातल्या, शेजारच्या गाड्याही दारात येतात, आणि प्रत्येकाची तक्रार जवळपास सारखीच असते: "गॅरेजवाला कार्बोरेटर बदल म्हणाला, बदलला, तरी बंद पडतेच." म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. गाडी का बंद पडते, याचं उत्तर बहुतेक वेळा ती कधी बंद पडते यात दडलेलं असतं. ते नीट पाहिल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

## आधी हे जमवून ठेवा

- प्लग पाना. स्प्लेंडर, सीडी-१०० ला १६ मिमीचा लागतो. बऱ्याचदा गाडीच्या टूलकिटमध्येच असतो.
- ८, १०, १२, १४ चे रिंग पाने, पक्कड, एक चांगला फुली स्क्रूड्रायव्हर आणि एक चपटा, पितळी जेटच्या खाचेत नेमका बसणारा
- फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या (प्लगचा गॅप आणि टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हवरची फट, दोन्हींसाठी)
- गाडीत आहे त्याच नंबरचा एक नवा प्लग
- पारदर्शक प्लास्टिकची बाटली, पेट्रोल पाइपचा फूटभर तुकडा
- कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, जुना टूथब्रश, सुती फडकी, डोळ्यांवर चष्मा
- साधा मल्टिमीटर असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही
- गाडीचं माहितीपुस्तक. हरवलं असेल तर त्याच मॉडेलचं शोधा, कारण प्लगचा गॅप, टॅपेटचं माप, आयडलचे आरपीएम (रेस सोडलेली असताना इंजिनचे मिनिटाला फेरे) मॉडेलप्रमाणे आणि सालाप्रमाणे बदलतात.

काम उघड्यावर करा. बंद पार्किंगमध्ये, देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ पेट्रोल उघडू नका. पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ज्योतीलाही पेटते. तोंडाने ओढून टाकीतलं पेट्रोल काढायची सवय असेल तर ती आजपासून बंद करा.

## १. लक्षण ओळखा

सगळ्यात आधी बघायचं ते हे: गाडी विझत विझत बंद पडते की कुणी स्विच मारल्यासारखी एकदम?

गचके देत, खोकत, ताकद कमी होत होत बंद पडली तर बहुधा पेट्रोल किंवा हवेची बाजू. झटक्यात बंद, मध्ये काहीच नाही, तर ठिणगीची बाजू. ही ओळख शंभर टक्के बरोबर येत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

गाडी विझायला लागली की आणखी एक करून बघा. डाव्या हाताने चोक (गार इंजिनसाठी हवा कमी करणारा खटका) अर्धा ओढा. चोकने गाडी सावरली, तर इंजिनला पेट्रोल कमी मिळतंय किंवा हवा जास्त जातेय. चोकने आणखी लवकर बंद पडली, तर उलट आहे: पेट्रोल जास्त होतंय किंवा हवेची वाट बुजलीये.

मग बाकीची लक्षणं:

- चोक दिला तरच चालते, काढला की बंद: स्लो जेट (कार्बोरेटरमधली, कमी रेसला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) बुजलाय, किंवा कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधून जादा हवा शिरतेय.
- धावताना ठीक, सिग्नलला रेस सोडली की बंद: स्लो जेट, आयडल सेटिंग, किंवा टॅपेट घट्ट.
- काही किलोमीटर मस्त चालते, मग दम लागल्यासारखी थांबते, जरा वेळाने पुन्हा सुरू: टाकीच्या झाकणाचं भोक किंवा पेट्रोल कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी).
- चांगली तापली की झटक्यात बंद, गार झाली की पहिल्या किकला सुरू: कॉइल, पल्सर कॉइल, सीडीआय (ठिणगी तयार करणारे आणि तिची वेळ ठरवणारे विजेचे भाग).
- खड्ड्यात आपटली किंवा हँडल वळवलं की बंद: वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड), चावीचा स्विच.
- पावसात किंवा वॉशिंग करून आणल्यावर: प्लग कॅपमध्ये पाणी, क्वचित कार्बोरेटरमध्ये.
- फुल रेस दिली की मिसिंग मारते: मेन जेट, एअर फिल्टर, किंवा टाकीतून पेट्रोल पुरेसं उतरत नाही.

हे मोबाईलवर लिहून ठेवा. इंजिन गार होतं की गरम, टाकीत पेट्रोल किती होतं, कॉक रिझर्व्हवर होता का, चढ होता की सपाट. पुढे गॅरेजला जायची वेळ आली तरी हीच नोंद कामी येते.

## २. रस्त्यात बंद पडली की पहिल्या दोन मिनिटांत

दोष जिवंत असतानाच पकडायचा असतो. घरी ढकलत आणली, गार झाली आणि सुरू झाली, की तपासायला काही उरत नाही. म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन, इंजिन गरम असतानाच, याच क्रमाने जा.

पहिलं, कॉक बघा. ऑनवर असेल तर रिझर्व्हवर करा. टाकीचा पोटातला आकार घोड्याच्या खोगिरासारखा दोन बाजूंना उतरलेला असतो. कॉक डावीकडे असेल तर उजव्या पोटात पेट्रोल उरलेलं असूनही ते कॉककडे येत नाही. गाडी डावीकडे बऱ्यापैकी कलती करून पुन्हा उभी केली की उजवीकडचं पेट्रोल या बाजूला येतं. घाटात, चढाला बंद पडणाऱ्या गाडीचं निदान कैकदा एवढंच असतं.

दुसरं, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. "फस्स" करून हवा आत ओढली गेली, आणि त्यानंतर दोन-तीन किकमध्ये गाडी सुरू झाली, तर चोर सापडला. घरी जाऊन झाकणाचं भोक साफ करा. घर गाठेपर्यंत अधूनमधून थांबून झाकण उघडा-लावा, पण झाकण उघडं टाकून गाडी चालवू नका. पेट्रोल हिंदकळून गरम इंजिनवर सांडतं.

तिसरं, कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. तो थोडा सैल करा, खालच्या नळीतून पेट्रोल यायला हवं. आलं तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतंय. थेंब-थेंब येऊन थांबलं तर अडथळा वर आहे. हे करताना सायलेन्सर तापलेला आहे हे विसरू नका. नळी त्याच्यापासून लांब धरा, बाटलीत पेट्रोल घ्या.

चौथं, प्लग काढून ठिणगी बघा. ती कशी बघायची ते सहाव्या पायरीत. पेट्रोलच्या बाटलीचं बूच आधी लावा आणि बाटली लांब ठेवा.

## ३. टाकी, कॉक आणि पाइप

झाकणाच्या आतल्या बाजूला हवेसाठी बारीक वाट असते. टाकीतून पेट्रोल खाली उतरलं की तेवढीच हवा आत यायला हवी, नाहीतर आत ओढ तयार होते आणि पेट्रोल अडतं. जुन्या झाकणात धूळ, गंज आणि कुलपात घातलेलं ग्रीस एकत्र येऊन ती वाट बंद होते. झाकण सोडवून रॉकेल किंवा कार्बोरेटर क्लीनरने धुवा, तोंडाने फुंकून हवा आरपार जाते का बघा.

मग कॉक. कॉक बंद करून कार्बोरेटरकडचा पाइप काढा, टोक बाटलीत घाला, कॉक उघडा. झाकण बंद ठेवून बघा, कारण झाकणाचा दोषही त्याच वेळी कळतो. धार अखंड हवी, आणि काही मिनिटं गेल्यावरही तेवढीच हवी. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक होत गेली, तर झाकण किंवा कॉकच्या टोकाची जाळी. जाळी टाकीच्या आत असते, म्हणून टाकी रिकामी करूनच कॉक काढावा लागतो. बाहेरचा कप असलेला कॉक असेल तर आधी तो उघडा, बराच गाळ तिथेच बसलेला असतो.

त्या बाटलीतलं पेट्रोल फेकू नका. पाच-दहा मिनिटं उन्हाबाहेर स्थिर ठेवा आणि तळ बघा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. तांबूस पूड दिसली तर टाकी आतून गंजतेय. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी यात हमखास सापडते: टाकीच्या रिकाम्या भागात दमट हवा असते, ती रात्री गार पत्र्यावर घाम धरते आणि थेंब खाली उतरतात.

२०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा असं माझं मत आहे. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, म्हणजे कॉकच्या तोंडाशीच. शिवाय त्या काळातले रबरी पाइप, वायसर, ओ-रिंग अशा पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या, त्या फुगतात किंवा कडक होतात. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल खेळतं राहतं, त्यामुळे त्रास कमी. महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल ड्रेन स्क्रूतून काढून टाका. पेट्रोल पाइप बोटांनी दाबून बघा. कडक, तडकलेला किंवा आतून चिकट लागला तर बदला.

सापळा: "टाकीला गंज आहे ना, मग पाइपात फिल्टर बसवतो." कारसाठीचा मोठा फिल्टर इथे चालत नाही. या गाडीला पेट्रोल पंप नसतो, पेट्रोल नुसतं उतारावर येतं. चुकीच्या फिल्टरने धार मंदावते आणि फुल रेसला बंद पडायचा नवाच आजार लागतो. आणि पाइप लांब करून त्याला चढ-उताराचा वळसा देऊ नका.

## ४. कार्बोरेटर

सगळ्यांना याचीच भीती वाटते. खरं तर निवांत वेळ, स्वच्छ जागा आणि उजेड असेल तर भ्यायचं काही नाही.

कॉक बंद, ड्रेन स्क्रूतून पेट्रोल बाटलीत. उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, कुठली नळी कुठे जाते ते कळेल असे. पांढरं जुनं धोतर किंवा चादर खाली पसरा. स्प्रिंग आणि पितळी स्क्रू त्यावर दिसतात, मातीत हरवत नाहीत.

तळाची वाटी उघडा. आत बारीक वाळूसारखा गाळ, हिरवट-पांढरा थर किंवा वार्निशसारखा चिकट पिवळेपणा दिसला तर गाडी बंद पडायचं एक कारण तुमच्या हातात आहे. वाटीच्या वर दोन पितळी जेट दिसतात. मोठ्या भोकाचा मेन जेट, धावताना आणि जास्त रेसला लागतो. शेजारी लांबट, बारीक भोकाचा स्लो जेट, आयडलिंग सगळं त्याच्यावर चालतं. सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीत मी सगळ्यात आधी हाच काढतो.

स्लो जेट काढून ट्यूबलाइटच्या उजेडाकडे धरा आणि एका डोळ्याने आरपार बघा. साफ असेल तर टोकाला उजेडाचा गोल, धारदार ठिपका दिसतो. ठिपका अर्धचंद्रासारखा कापलेला किंवा धूसर दिसला तर आत कचरा आहे. काहीच दिसलं नाही तर पूर्ण बुजलाय. क्लीनरचा स्प्रे मारा, पाच मिनिटं भिजू द्या, हवा मारा, पुन्हा उजेडाकडे धरा. तरी अडलं तर घरातल्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार सोलून हलकेच फिरवा. सुई, टाचणी, स्टीलची तार अजिबात घालू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित जरी मोठं झालं तरी त्या जेटचं माप कायमचं गेलं.

जेट जिथे बसतात त्या वाटा आणि हवेच्या वाटाही स्प्रेने धुवा. एका भोकातून मारलेला स्प्रे दुसरीकडून बाहेर पडायला हवा. तो उलटा डोळ्यात उडतो, म्हणून चष्मा. स्प्रे मारण्याआधी रबरी ओ-रिंग काढून बाजूला ठेवा, त्याने रबर फुगतं.

मग फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग. कानाजवळ धरून हलवा; आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. फ्लोटला लटकणाऱ्या सुईचं टोक बघा. त्यावर अंगठीसारखी खाच पडली असेल तर सुई नीट बंद होत नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, प्लग ओला होऊन गाडी बंद पडते. नळीतून सतत थेंब गळत असतील तर कारण बहुधा हेच. फ्लोटची छोटी पत्र्याची जीभ अंदाजाने वाकवू नका, तिच्यावरच आतल्या पेट्रोलची पातळी ठरते.

चोकची पाकळी पूर्ण उघडते का तेही इथेच बघा. जुन्या गाडीत खटका सैल झालेला असतो, चोक मागे ढकलला तरी पाकळी अर्धी बंदच राहते. गार इंजिनला ते बरं वाटतं आणि गरम झाल्यावर गाडी गुदमरते.

सापळा: जुना मूळ कार्बोरेटर देऊन स्वस्तातला नक्कल कार्बोरेटर घेणं. मूळ कार्बोरेटरची बॉडी घासलेली नसेल तर जेट, सुई आणि ओ-रिंगचं किट टाकून तो अजून कित्येक वर्षं चालतो.

## ५. हवेची वाट

एअर फिल्टर बाजूच्या पॅनेलच्या आत असतो. फोमचा असेल तर रॉकेलने किंवा साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे थोडे थेंब चोळून पिळून काढा. पेट्रोलने धुऊ नका. कागदी, तेलकट फिल्टर असेल तर त्याला हवा मारून साफ करण्यात अर्थ नाही, तो बदलायचाच असतो.

फिल्टरची पेटी रिकामी झाल्यावर आत हात घालून बघा. उभ्या गाडीत उंदीर चिंध्या आणि कापूस भरून ठेवतो. कुंभारीण माशी बारीक नळ्यांच्या तोंडात मातीचं घर बांधते, कार्बोरेटरची हवेची नळी तिला फार आवडते. बाहेरून काही कळत नाही आणि गाडी मात्र वेडावाकडा त्रास देते.

आता जादा हवा. कार्बोरेटर इंजिनला जिथे जोडलाय तिथला रबर किंवा ओ-रिंग जुनाट झाली की फटीतून हवा शिरते. खूण अशी की आयडलला इंजिनचा आवाज आपोआप वर-खाली होतो, रेस सोडली तरी लगेच खाली बसत नाही. गाडी चालू ठेवून त्या जोडावर बाटलीने साध्या पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला तर फट तिथेच आहे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे मारतात. गरम इंजिनवर तसं कधीही करू नका.

## ६. ठिणगी

प्लग कॅप ओढून काढा, वायरला धरून नव्हे. प्लगच्या भोवतीची माती फुंकून साफ करा, नाहीतर ती सिलेंडरमध्ये पडते. मग प्लग काढा आणि त्याचा रंग वाचा. विटकरी किंवा फिकट तपकिरी: ठीक. कोरडा काळा कोळसा: पेट्रोल जास्त, हवा कमी. काळा आणि तेलकट: इंजिन ऑइल वर येतंय. पांढरा फटक: पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. ओला आणि पेट्रोलचा वास: पेट्रोल येतंय पण जळत नाही.

स्प्लेंडरसारख्या जुन्या शंभर सीसीत गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी असतो, पण काही मॉडेलांत जास्त असतो, पुस्तक बघा.

ठिणगी बघायची ती अशी: प्लग कॅपमध्ये घाला, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या हेडला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. हातात रबरी मोजा किंवा कोरडं जाड फडकं असू द्या. चावी ऑन, किक मारा. सावलीत बघा. निळसर, ठसठशीत, "चट चट" आवाजाची ठिणगी हवी. पिवळट, बारीक किंवा मधेच गायब होणारी ठिणगी म्हणजे दोष. आधी नवा प्लग लावून बघा. प्लग कुठेही न टेकवता, नुसता हवेत लोंबता ठेवून किक मारू नका, त्याने कॉइल आणि सीडीआयवर ताण येतो.

नव्या प्लगनेही ठिणगी नाही, तर पुढचा क्रम:

प्लग कॅप. फिरवून काढा. वायरचं टोक हिरवट पडलं असेल तर पाच मिलिमीटर कापा आणि कॅप पुन्हा स्क्रूसारखी घट्ट फिरवा. एवढ्यावर सुरू झालेल्या गाड्या मी अनेक पाहिल्यात. कॅपच्या आत रेझिस्टर असतो, मल्टिमीटरवर तो साधारण ५ किलोओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली. रबर फाटलेलं असेल तर पावसाळ्यात पाणी आत जाणारच.

चावीचा स्विच. जुन्या स्प्लेंडर, सीडी-१०० मध्ये ठिणगीची वीज थेट मॅग्नेट कॉइलकडून (इंजिनसोबत फिरणाऱ्या मॅग्नेटने वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून) येते, बॅटरीकडून नव्हे. म्हणून "बॅटरी उतरलीये, त्याने बंद पडते" हे या गाड्यांना सहसा लागू होत नाही. बॅटरीवर ठिणगी देणाऱ्या पुढच्या काही मॉडेलांत मात्र बॅटरी बघायलाच हवी. मॅग्नेटवाल्या गाडीत चावी ऑफ केली की एक वायर, होंडाच्या रचनेत काळी-पांढरी, बॉडीला जोडली जाते आणि ठिणगी थांबते. स्विच झिजला की हीच जोडणी चालत्या गाडीत आपोआप होते. तपासायला स्विचचा कपलर काढा आणि किक मारा. आता ठिणगी आली तर स्विच बदला. कपलर काढलेला असताना गाडी चावीने बंद होणार नाही; वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून, क्लच हळूच सोडून बंद करावी लागते. याची तयारी ठेवूनच ही चाचणी करा.

वायरिंग. गाडी आयडलला ठेवून हँडल डावी-उजवीकडे टोकापर्यंत फिरवा, हेडलाइटच्या आतले आणि टाकीखालचे कपलर एकेक करून हलवा. कुठे विझते ते टिपा. एचटी कॉइलचा (प्लगला जास्त दाबाची वीज देणाऱ्या कॉइलचा) बोल्ट जिथे चेसिसला लागतो तिथला गंज पॉलिश पेपरने घासा.

कॉइल आणि सीडीआय. तापल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीत गार असताना घेतलेलं मीटरचं माप खोटा दिलासा देतं. आतली तार तापून लांबते, तुटलेला जोड उघडतो, गार झाला की पुन्हा मिळतो. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा सीडीआय लावून आपली गाडी तापेपर्यंत चालवणं. मग एचटी कॉइल तशीच. दोन्ही बदलूनही फरक नाही, तर मॅग्नेटच्या झाकणाआतली पल्सर कॉइल किंवा मॅग्नेट कॉइल. हे झाकण घरी उघडायला मी नवख्या माणसाला सांगणार नाही.

## ७. टॅपेट

गार असताना छान, तापली की आयडलला बंद, रेस देऊन ठेवली तर चालते, किकला दाब कमी लागतो. असं असेल तर टॅपेट घट्ट असण्याची दाट शक्यता. बरेच लोक टॅपेटचा "टकटक" आवाज नको म्हणून ते आवळून घेतात. तापल्यावर धातू वाढतो, फट उरत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. हलका आवाज असू द्यावा.

टॅपेट पूर्ण गार इंजिनवरच मोजायचे, म्हणजे सकाळी गाडी सुरू करण्याआधी. मॅग्नेटचं अख्खं झाकण न काढता, त्यावरची छोटी बुचं उघडून मॅग्नेट फिरवा, 'टी' खूण जुळवा आणि दोन्ही टॅपेट बोटाने किंचित हलतात का बघा. एकही हलत नसेल तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. पुस्तकातल्या मापाची पाती फटीतून किंचित घासत सरकली पाहिजे. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

## ८. दाब आणि सायलेन्सर

किक अगदी हलकी जाते, निळसर धूर येतो, ऑइल कमी होत राहतं: रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्हचं काम निघालंय, ते मेकॅनिकवर सोपवा. सायलेन्सरच्या तोंडावर तळहात जवळ धरून धक्का जाणवतो का बघा, टेकवू नका. जुन्या टू-स्ट्रोक गाडीत, उदाहरणार्थ आरएक्स-१००, सायलेन्सरमधल्या जाळीवर कार्बन साचून गाडी गुदमरते. ती जाळी काढून घासावी लागते.

## ९. शेवटी सेटिंग

वरचं सगळं झाल्यावरच स्क्रूला हात लावा. बहुतेक लोक सुरुवातच इथून करतात आणि मूळ दोष झाकला जातो.

गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. हवेचा स्क्रू (कार्बोरेटरवरचा, मिश्रण ठरवणारा) आधी हलकेच पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहते. आवळू नका, टोक मोडतं. मग साधारण दीड ते दोन फेरे बाहेर. आयडल स्क्रूने (रेस सोडल्यावरचा वेग ठरवणाऱ्या) गाडी जेमतेम स्थिर ठेवा. आता हवेचा स्क्रू पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवत जिथे आवाज सगळ्यात वर आणि एकसारखा येतो तिथे थांबा. त्यानंतर आयडल स्क्रू पुस्तकातल्या आरपीएमवर आणा. स्प्लेंडरला तो साधारण १४०० असतो. रेसच्या केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील आहे का आणि हँडल वळवल्यावर आवाज वाढत नाही ना, तेही बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून बघा. प्लग, जेट, टॅपेट सगळं एका दिवशी केलं आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर आणखी वाईट.

## १०. चाचणीला निघताना आणि गॅरेजला जाताना

चाचणीसाठी रस्त्यावर काढण्याआधी कागद बघा: आरसी, विमा, पीयूसी. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, नंतर आरटीओत गाडी दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. जुनी गाडी हातात आली असेल तर आरसीवरची मुदत आधी वाचा. सेकंडहँड असेल तर ती तुमच्या नावावर झालीये का तेही बघा. पीयूसी मात्र सेटिंग झाल्यावर काढा, काळा प्लग असलेल्या गाडीचा धूर तिथे नापास होऊ शकतो.

पहिली चाचणी घराजवळच, गर्दी नसलेल्या रस्त्यावर. उतारावर किंवा हायवेला नको, ओव्हरटेक करताना गाडी बंद पडली तर जिवावर बेततं.

गॅरेजमध्ये "कार्बोरेटर साफ करा" असं सांगू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून दाखवा: कधी, किती तापल्यावर, चोक दिल्यावर काय झालं, ठिणगी कशी होती, तुम्ही आतापर्यंत काय बदललं. त्रास सकाळी गार असताना होत असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला ठेवा, म्हणजे पहिली किक मेकॅनिक स्वतः मारेल. तापल्यावर होत असेल तर त्यालाच गाडी घेऊन बंद पडेपर्यंत फिरू द्या.

पार्ट घेताना आरसीवरचं मॉडेल आणि साल दाखवा, कारण एकाच नावाच्या गाडीचे सीडीआय आणि कॉइल सालाप्रमाणे वेगळे असतात आणि कपलर बसला म्हणजे पार्ट तोच असं नाही. पक्कं बिल घ्या, आणि काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या. बंद पडणं थांबलं नाही तर तो पार्ट चांगला होता हे कळतं, आणि तो पुन्हा लावता येतो.